उन्हाळा सरताना समुद्रकाठी: निवृत्तांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्तीनंतर समुद्रकाठी राहायला आलेल्या माणसाला पहिला उन्हाळा फारसे काही शिकवत नाही. हवा चांगली असते, दिवस मोठा असतो, घरात माणसांची ये-जा असते. किनाऱ्याची खरी ओळख होते ती उन्हाळा सरून शरद लागतो तेव्हा. पाहुणे परततात, वारा फिरतो, उधाणाचे पाणी नेहमीच्या खुणेच्या वर येते आणि संध्याकाळ एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. नव्याने आलेले लोक या दिवसांत आम्हा जुन्या रहिवाशांना जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. उत्तर गोलार्धात हा काळ ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत.

माझे मत आधीच सांगून टाकते. वर्षातला हा सगळ्यात चांगला काळ आहे, आणि पुढची थंडी सुखाची जाणार की कंटाळ्याची, हे याच दीड-दोन महिन्यांत ठरते. घराची डागडुजी, तब्येतीची कामे, माणसांच्या गाठीभेटींची घडी हे सगळे आता बसवायचे.

हवेत गारवा आला, तरी समुद्र अजून कोमट कसा?

पाणी तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला एक किलो हवेच्या साधारण चौपट उष्णता लागते. शिवाय लाटांमुळे वरचे पाणी खाली, खालचे वर असे घुसळत राहते, त्यामुळे उन्हाळाभरची ऊब बऱ्याच खोलीपर्यंत साठते. म्हणून समशीतोष्ण प्रदेशात समुद्र सगळ्यात उबदार असतो तो भर उन्हाळ्यात नव्हे, तर उन्हाळा संपता संपता. किनाऱ्यावरच्या घरांना याचा फायदा मिळतो. आत जमिनीवर रात्री थंड पडू लागल्या, तरी आपल्याकडे आणखी काही आठवडे रात्री सौम्य राहतात.

दुपारचे खारे वारे मात्र मंदावतात. जमीन समुद्रापेक्षा बरीच जास्त तापते तेव्हा ते जोरात वाहतात, आणि आता तेवढा फरक उरलेला नसतो. या दिवसांतल्या दुपारी त्यामुळेच अशा निवांत असतात.

मग पोहायला जायला हरकत नाही ना?

रोजची सवय असेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर जरूर जा. वसंतातल्या पाण्यापेक्षा हे पाणी कितीतरी बरे असते. पण तीन गोष्टी बदललेल्या असतात. हंगाम संपला की बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नसतात. गर्दी ओसरल्यामुळे आपण अडचणीत आहोत हे कोणाच्या लक्षात येईलच असे नाही. आणि पाणी हळूहळू निवत जाते. ते १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की शिरल्या शिरल्या धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही, रक्तदाब चढतो. पहिली मिनिट-दोन मिनिटे सगळ्यात धोक्याची असतात. तेव्हा पोहायची धडपड न करता पाठीवर तरंगत राहावे आणि श्वास जाग्यावर येऊ द्यावा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी थंड पाण्यात उतरूच नये, असे मी स्पष्ट सांगेन.

आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात, तर किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झुंजू नका. तो पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हरवतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाच्या बाहेर या. एकट्याने पाण्यात जाणे आता बंद. सोबतीला निदान किनाऱ्यावर बसलेले एक माणूस हवे.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक रोज पाहायलाच हवे का?

हो. ज्यांचे फिरणे वाळूवरून किंवा खडकांवरून असते, त्यांनी तर पाहिल्याशिवाय घराबाहेर पडूच नये. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून आजची भरतीची वेळ उद्या सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती असते आणि काही बंदिस्त समुद्रांत तर जेमतेम हातभर फरक पडतो. आपल्या किनाऱ्याची रीत आपण माहीत करून घ्यायची.

नव्या माणसाला सहसा ठाऊक नसते ती गोष्ट अशी, की पाणी एकाच गतीने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढापैकी बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी चढते. सुरुवातीला वाटते, अजून पुष्कळ वेळ आहे. आणि बघता बघता सुळक्यापलीकडची वाट पाण्याखाली जाते. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला तेव्हा खडकांवरून चढून सुटता येत नाही. म्हणून नियम एकच: ओहोटी संपायच्या आधी निघायचे आणि पाणी चढायला लागताच परतीची वाट धरायची.

निवृत्त माणसाच्या दिवसाला यातून एक चांगला आकारही मिळतो. ऑफिस सुटले की घड्याळाचा धाक सुटतो आणि काहीजणांना तेच जड जाते. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या भरतीची वेळ पेन्सिलने लिहिलेली असते आणि फिरणे, बाजार, दुपारची झोप सगळे तिच्याभोवती सरकत राहते. कुठलेच दोन दिवस सारखे होत नाहीत.

उधाण याच दिवसांत एवढे मोठे का येते?

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण येते, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, हे बहुतेकांना माहीत असते. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे २२-२३ सप्टेंबर आणि २०-२१ मार्चच्या सुमारास, सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो. तेव्हाच्या अमावास्या-पौर्णिमेला चंद्रही विषुववृत्ताच्या जवळपास असतो. दोघांची ओढ अशी जुळून आली, की वर्षातली मोठी उधाणे येतात. ओहोटीही तेवढीच खोल जाते. एरवी न दिसणारे खडक आणि त्यांवरची शैवाले पाहायची ती याच दिवसांत.

अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी पाणी सगळ्यात वर येते, हे लक्षात ठेवा. त्यात हवेचा दाब उतरलेला असला तर भर पडते. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला, की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. खोल कमी दाबाच्या वादळात हे अर्ध्या मीटरच्या घरात जाऊ शकते, आणि वारा किनाऱ्याकडे असेल तर तो आणखी पाणी लोटतो. तळघरातले आणि अंगणातले सामान त्या दिवशी उचलून ठेवलेले बरे.

आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी लाटा एवढ्या मोठ्या कशा?

त्या दूरवरच्या वादळाच्या असतात. उष्णकटिबंधातल्या वादळांचा जोर बहुतेक समुद्रांत उन्हाळ्याच्या शेवटी असतो. अटलांटिकमध्ये तर १० सप्टेंबरच्या सुमारास हंगाम शिगेला पोहोचतो. हजार-दोन हजार किलोमीटरवर उठलेली लाट एक-दोन दिवसांनी आपल्या निवांत किनाऱ्यावर येऊन फुटते. ती ओळखायची खूण म्हणजे दोन लाटांमधले अंतर. एक लाट फुटल्यापासून पुढची फुटेपर्यंत १२ ते १५ सेकंद जात असतील, तर ती लांबून आलेली आहे आणि दिसते त्यापेक्षा तिच्यात जोर जास्त आहे.

अशा दिवशी मोठ्या लाटा टोळीने येतात. मध्ये दहा-पंधरा मिनिटे सगळे शांत असते, आणि त्या शांततेत माणूस खडकाच्या टोकापर्यंत जातो. आधी वीसेक मिनिटे वरून नुसते बघत उभे राहा, पाणी कुठवर भिजवते ते पाहा. ओला खडक म्हणजे लाट तिथवर येते.

पुळणीची वाळू कुठे गेली?

पाण्याखाली. उन्हाळ्यातल्या सौम्य लाटा वाळू वर आणून टाकतात, म्हणून तेव्हा पुळण रुंद आणि उंच असते. शरदातल्या उंच, आखूड अंतराच्या लाटा तीच वाळू ओढून थोड्या आतल्या दांड्यांवर नेऊन ठेवतात. पुढच्या उन्हाळ्यात ती बऱ्यापैकी परत येते. एका रात्रीत पायरीएवढी उभी कड तयार झालेली असू शकते. सकाळी अर्धवट उजेडात उतरताना ती दिसत नाही, तेव्हा काठी पुढे टेकवून बघावे.

दिवस एकदम लहान झाल्यासारखा का वाटतो? वयामुळे तसे वाटते का?

वयाचा संबंध नाही, तो खरोखरच झपाट्याने लहान होतो. दिवसाची लांबी सगळ्यात वेगाने बदलते ती विषुवदिनाच्या आसपास. ४० अंश अक्षांशावर रोज पावणेतीन मिनिटांच्या आसपास, ५० अंशांवर पावणेचार, ६० अंशांवर साडेपाच मिनिटे दिवस आखडतो. ५० अंशांवरच्या माणसाचा महिन्याभरात पावणेदोन तासांहून जास्त उजेड जातो. त्यात सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाशही याच सुमारास वर्षात सर्वांत कमी वेळ टिकतो. उन्हाळ्यात सूर्य बुडाल्यावर रमतगमत घरी येता येई, आता तेवढ्याच वेळात काळोख होतो. फिरायला जाताना खिशात छोटी बॅटरी आणि अंगावर फिकट रंगाचे काहीतरी असावे.

मला स्वतःला यातली एक गोष्ट फार आवडते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर एकाच बाकावर बसून रोज सूर्यास्त पाहा. क्षितिजावर एखादा खडक, दीपगृह किंवा खांब खुणेला धरा. ४५ अंश अक्षांशाच्या आसपास सूर्य रोज जवळजवळ आपल्या स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला सरकून बुडतो. उत्तर गोलार्धात डावीकडे, दक्षिण गोलार्धात उजवीकडे. आज खांबाला टेकून बुडाला, तर उद्या त्या दोघांमध्ये एक सूर्य मावेल एवढी फट दिसते. जूनमध्ये किंवा डिसेंबरमध्ये हे दिसत नाही, कारण तेव्हा तो जाग्यावर थांबल्यासारखाच असतो. नातवंडे फोनवर असतील तर त्यांना रोज फट किती झाली ते सांगावे. ती दुसऱ्या दिवशी आपणहून विचारतात.

सकाळी उठवत नाही, मन उदास राहते. हे सूर्यप्रकाश कमी झाल्यामुळे होते का?

होऊ शकते. ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचे वर्णन मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केले, आणि सकाळचा प्रखर उजेड हा त्यावरचा मान्य उपाय आहे. दवाखान्यात सुचवले जाणारे दिवे १०,००० लक्सचे (लक्स हे उजेडाचे माप) असतात आणि त्यांच्यासमोर रोज सकाळी अर्धा तास बसतात. डोळ्यांचा विकार असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. घरातल्या बैठकीच्या खोलीत जेमतेम १०० ते ३०० लक्स उजेड असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर हजाराच्या वर. समुद्रासमोर तर आकाश अर्धे मोकळे असते. म्हणून फिरणे संध्याकाळचे सोडून सकाळचे करा, हा बदल दिवस लहान व्हायला लागताच करून टाका.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, खाणेपिणे आणि झोप बिघडली, तर उजेडावर हवाला ठेवून बसू नका. डॉक्टरांकडे जा. या वयात नैराश्याकडे ‘म्हातारपण’ म्हणून दुर्लक्ष होते आणि ते मला मुळीच मान्य नाही.

फिरणे किती आणि कुठून करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. चालणे आपण करतोच, तोलाचे व्यायाम टाळतो. भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहण्यापासून सुरुवात करता येते.

मऊ वाळूवर चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते, हे मोजलेले आहे. ज्याला जमते त्याला कमी वेळात चांगला व्यायाम मिळतो. गुडघा किंवा टाच दुखत असेल तर पाण्याच्या कडेची ओली, घट्ट वाळू बरी. ती तिरकी असते, म्हणून जाताना जेवढे चालाल तेवढेच त्याच कडेने परत या, नाहीतर एकाच बाजूच्या कमरेवर ताण पडतो. हिरवट खडकावर पाय टाकू नका. शेवाळ वाळलेले दिसले तरी खाली निसरडे असते.

वाऱ्यासाठी ब्यूफर्टची मोजपट्टी उपयोगी आहे. १८०५ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याने केलेली ही पट्टी आजही हवामानाच्या बातमीत असते. ६ क्रमांकाला, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटरला, छत्री आवरत नाही. ७ ला वाऱ्याविरुद्ध चालणे कठीण होते. माझ्या मते साठीपुढच्या माणसाने ६ लाच धक्क्यावर आणि कड्यावर जाणे थांबवावे आणि गावातल्या आडोशाच्या रस्त्याने फिरावे.

ऊन उतरले. आता टोपी आणि सनस्क्रीन ठेवून द्यायचे?

अजून नाही. अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तोवर चालू ठेवा. हवेत गारवा असला की चटका जाणवत नाही, पण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणे परत फेकतो.

घराची कोणती कामे या दिवसांत उरकावीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की त्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर उडतात आणि घराच्या प्रत्येक वस्तूवर बसतात. उन्हाळाभर हा थर चढलेला असतो. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेते, आणि समुद्री मिठातले मॅग्नेशियमचे क्षार त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओढतात. त्यामुळे क्षाराचा थर असलेले लोखंड कधी पुरते वाळतच नाही. पाऊस नसला तरी गंज चालू राहतो.

म्हणून पहिले काम म्हणजे गोड्या पाण्याने धुणे. खिडक्या, तावदानांच्या चौकटी, कठडे, बिजागऱ्या, एसीचे बाहेरचे यंत्र (बंद करून, हलक्या धारेने), सायकल, गाडीचा खालचा भाग. नुसत्या फडक्याने पुसले तर क्षार काचेवर घासला जातो आणि ओरखडे उठतात. आधी पाणी, मग फडके. पाऊस पडतो त्या बाजूची धूळ-क्षार आपोआप जातो, पण छपराखालच्या आडोशाच्या जागा तशाच राहतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. तिथे हात घालून धुवा.

कड्या-बिजागऱ्या बदलायच्या असतील तर स्टेनलेस स्टीलमध्ये ३१६ क्रमांकाचे मागा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून ते क्षारापुढे टिकते. नेहमीच्या ३०४ वर काही महिन्यांतच तपकिरी डाग पडतात. कुलपात तेल ओतू नका, तेलाला वाळू आणि क्षार चिकटून आतला भाग जाम होतो. ग्राफाइटची पूड घाला.

दुसरे काम ओलीचे. उन्हाळ्यात दारे-खिडक्या सताड उघड्या असतात, आता त्या बंद होऊ लागतात आणि आतला दमटपणा आतच राहतो. कपाट भिंतीला चिकटून असेल तर चार बोटे पुढे ओढा. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायची. ती दाखवणारे छोटे यंत्र भिंतीवर लावले की अंदाजावर चालावे लागत नाही. भिजलेल्या वस्तूवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरते, म्हणून ओले पायपुसणे, पोहण्याचे कपडे, कुत्र्याचे अंथरूण त्याच दिवशी वाळले पाहिजे. बाहेर कोरडी हवा असेल त्या दुपारी सगळे घर उघडा. धुके असताना उघडाल तर ओल आत घ्याल. भिंतीला लोणा लागला असेल तर वरून रंग मारून उपयोग नाही, आत पाणी कुठून येते ते आधी शोधावे लागते.

छप्पर, पन्हळी, खिडक्यांच्या फटी हे तिसरे. शिडीवर स्वतः चढू नका. हे काम माणूस लावूनच करून घ्यायचे, आणि पहिल्या वादळाआधी, कारण नंतर कारागीर मिळत नाहीत.

चष्मा, श्रवणयंत्र, औषधे यांना खाऱ्या हवेचा त्रास होतो का?

होतो, आणि याबद्दल कोणी सांगत नाही. किनाऱ्यावरून आल्यावर चष्म्याच्या काचेवर उजेडाकडे धरून पाहिले तर बारीक पांढरे ठिपके दिसतात. ते वाळलेले क्षाराचे कण आहेत. सदऱ्याच्या टोकाने पुसले की काच कायमची चरते. आधी नळाखाली धरा, बोटांनी चोळा, मग मऊ कापडाने टिपा.

श्रवणयंत्र रात्री बॅटरीचे दार उघडे ठेवून ओल शोषणाऱ्या डबीत ठेवावे. जोराच्या वाऱ्यात तसेही त्यातून नुसता घोंगावच ऐकू येतो, तेव्हा टोपी किंवा रुमाल कानावरून घ्या. पण मागून येणारी सायकल ऐकू येणार नाही हे धरून चाला. गोळ्या न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नका. मूळ वेष्टनातून काढून आठवडाभराच्या डबीत घालायच्या असतील तर घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत ती डबी ठेवा.

ऋतू बदलताना तब्येतीचे काय सांभाळावे?

गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब थोडा चढतो. उन्हाळ्यात ज्यांच्या गोळीची मात्रा कमी केली होती, त्यांनी घरी रक्तदाब मोजून नोंद ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. मात्रा आपल्या मनाने बदलू नये. फ्लूची लस थंडीआधी घ्या. तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून साथ सुरू झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. वय वाढले की तहानही कमी लागते आणि थंडीही कमी जाणवते. गारव्यात पाणी पिणे राहून जाते. घरातले तापमान किमान १८ अंश असावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ‘मला थंडी वाजत नाही’ यावर विसंबू नका, तापमापक पाहा.

पाहुणे गेले, मुले-नातवंडे परतली. घर खायला उठते. काय करावे?

पहिला आठवडा कठीण जातो. अंथरुणे आवरताना उशीखाली शिंपला सापडतो, बाथरूममध्ये छोटा टूथब्रश राहिलेला असतो. वाईट वाटणारच, ते लवकर झटकून टाकायची घाई करू नका. पण त्या आठवड्यातच पुढच्या भेटीची तारीख ठरवा, ती कितीही लांबची असो. फोनची वेळही ठरलेली असावी. ‘कधीही कर’ म्हटले की कोणीच करत नाही.

दुसरी गोष्ट, गावात आता जे उरले आहेत ते आपलेच लोक आहेत. उन्हाळ्यात गर्दीत एकमेकांशी धड बोलणे होत नाही. आता रस्त्यात माणूस भेटला की थांबतो. ही संधी थंडी पडण्याआधीच साधायची असते, कारण नंतर कोणी बाहेर रेंगाळत नाही. आठवड्यातून एक ठरलेली बैठक हवी: वाचनालय, भजन, पत्ते, किनारा-सफाई, काहीही. दार ठोठावायला कारण लागत असेल तर भरतीचे वेळापत्रक नेऊन द्या. एकट्या राहणाऱ्यांनी शेजाऱ्याशी साधी खूण ठरवावी. सकाळी नऊपर्यंत अमुक खिडकीचा पडदा सरकलेला नसेल, तर येऊन बघायचे. यात कमीपणा वाटून घेऊ नका. तुम्हीही त्यांच्यासाठी बघणारच आहात.

उन्हाळ्यात दोघे बाहेर असायचो, आता दिवसभर समोरासमोर. चिडचिड होते.

होते, आणि ती सांगायला लोक संकोचतात. उपाय जागेचा आहे. दोघांना स्वतःचा एक कोपरा, एक दार बंद करता येईल अशी वेळ आणि एक आपापला मित्रपरिवार हवा. सकाळचे फिरणे वेगवेगळे आणि संध्याकाळचे बरोबर, ही आमची पद्धत. बाहेर काय पाहिले हे मग एकमेकांना सांगायला उरते.

या दिवसांत पाहण्यासारखे काय असते?

पक्षी, सगळ्यात आधी. उत्तरेकडे प्रजनन करून वाळूपक्षी या काळात दक्षिणेकडे निघालेले असतात आणि वाटेत आपल्या पुळणीवर उतरून पोट भरतात. दक्षिण गोलार्धात याच ऋतूत ते परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात. २०२२ साली गॉडविट जातीचा, जेमतेम पाच महिन्यांचा एक पक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत न थांबता उडाला. १३,५६० किलोमीटर, ११ दिवस. असा प्रवास करणारे पक्षी ओहोटीला खातात आणि भरतीला एका पायावर उभे राहून विसावतात. विसावलेला थवा उठवला तर त्यांची साठवलेली चरबी जाते. कुत्रा साखळीला ठेवा, लांबूनच दुर्बिणीतून पाहा. हात थरथरत असेल तर आठ पटींहून जास्त ताकदीची दुर्बीण घेऊ नका, चित्र स्थिर राहत नाही.

अनेक किनाऱ्यांवर उन्हाळाअखेरच्या कोमट पाण्यात रात्री लाट फुटताना निळसर चमक दिसते. नोक्टिलुकासारखे सूक्ष्म जीव हलवले गेले की प्रकाशतात. अमावास्येच्या आसपास, दिव्यांपासून दूर, डोळे अंधाराला सरावू देऊन पाहा. सोबत घेऊनच जा.

वादळानंतर किनाऱ्यावर पडलेले उचलावे का?

शिंपले, लाकूड बघा. जेलीफिशला हात लावू नका, मेलेलीही डंख करते. वाहून आलेल्या शैवालाच्या राशी घाण म्हणून उपसू नयेत. त्यांत किडे असतात आणि पक्षी त्यावर जगतात. डबे, पिंपे, न ओळखता येणारे धातूचे तुकडे दिसले तर लांबून कळवा.

वादळाची तयारी किती करावी?

तीन दिवस घराबाहेर पडता येणार नाही आणि वीज नसेल, असे धरून. पिण्याचे पाणी, न शिजवता खाता येईल असे अन्न, निदान आठवड्याची औषधे, बॅटरी, भरलेली पॉवर बँक. महत्त्वाचे फोन नंबर आणि औषधांची यादी कागदावर. जनरेटर किंवा शेगडी बंद खोलीत कधीही लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ऑक्सिजन किंवा फ्रिजमधल्या औषधावर अवलंबून असाल तर वीज गेल्यावर कुठे जायचे ते आत्ताच ठरवा. घर सोडायचा सरकारी इशारा आला तर निघा. लाटा बघायला थांबू नका.

मुले म्हणतात, थंडीत आमच्याकडे या. जावे का?

थोडे दिवस जरूर जा, पण पहिली थंडी तरी बरीचशी इथेच काढा. एक पूर्ण वर्ष राहिल्याशिवाय ही जागा आपल्याला झेपते का, याचा निर्णय घेता येत नाही. दवाखान्याची वेळ कमी झाल्यावर, बसच्या फेऱ्या घटल्यावर, संध्याकाळी लवकर अंधार पडल्यावर आपले कसे चालते, ते अनुभवूनच कळते. गाडी चालवणे सुटेल तेव्हा काय, हाही विचार याच थंडीत करा.

जायचेच असेल तर पाण्याचा मुख्य नळ बंद करा, फ्रिज रिकामा करून दार उघडे ठेवा, कपाटांची दारे किलकिली ठेवा म्हणजे कुबट वास धरणार नाही. शेजाऱ्याकडे किल्ली द्या आणि आठवड्यातून एकदा फेरी मारायला सांगा. आणि त्यांना तुमच्या मुलांचा नंबर देऊन ठेवा, तुमचा तर त्यांच्याकडे असेलच.